पोकलेनची चाल बिघडल्यास दोष कसा शोधावा?

पनवेलच्या खाडीकाठी जेथे भातशेती उरली आहे, तेथे तिचे रक्षण खारबंदिस्तीवर अवलंबून असते. बांधाला खांड पडल्यास उधाणाचे पाणी खाचरांत शिरते व जमिनीत क्षार राहून पुढील पीकही धोक्यात येते. खांड बुजविण्यास आणलेले पोकलेन चिखलात अडले, तर घाईने मोटर खोलण्यात भरतीपूर्वीचा मोलाचा वेळ जातो. म्हणून दोष पुढील क्रमाने शोधावा.

१. दोन्ही चेन मंद, बूमही मंद : हायड्रॉलिक तेलाची पातळी व गाळण्या तपासाव्यात. त्यानंतरच पंपाचा विचार करावा.

२. दोन्ही चेन मंद, बूम ठीक : गतीचे बटण, चालीच्या नियंत्रणाचा दाब व यंत्राच्या मध्यावरील फिरता सांधा पाहावा.

३. एकच चेन मंद : चेनमधील चिखल काढावा व ताण पाहावा. मग बकेट टेकवून ती बाजू उचलावी व चेन फिरवावी. त्या वेळी जवळ कोणी उभे राहू नये. तरीही ती रेंगाळल्यास मेकॅनिककडून नियंत्रण-झडपेपासून निघणाऱ्या डाव्या-उजव्या चालीच्या नळ्यांची अदलाबदल करून घ्यावी. दोष दुसऱ्या बाजूस गेल्यास तो पंपात वा झडपेत आहे; त्याच बाजूस राहिल्यास सांधा, मोटर किंवा गिअरबॉक्स यांत आहे, असे समजावे. या चाचणीत डावा दांडा उजवी चेन चालवितो, हे चालकाने विसरू नये.

नळी सोडण्यापूर्वी बकेट टेकवून इंजिन बंद करावे व दाब सोडावा. गळती हाताने चाचपू नये. तेलाची बारीक धार कातडीत शिरते. तसे घडल्यास, जखम लहान दिसली तरी, त्वरित रुग्णालय गाठावे.