आवाज कसा टिपावा : शाळेसाठी रेकॉर्डर निवडताना



शाळेच्या माहितीपटासाठी आवाज टिपण्याचे वेगळे यंत्र घ्यावे की नाही, आणि घ्यायचे तर कोणते, यावर मागील दोन सभांत बरीच चर्चा झाली. “कॅमेऱ्यात आवाज येतोच, मग हा जास्तीचा खर्च कशाला?” असे एका विश्वस्तांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी आम्हालाही असेच वाटत होते.

त्या वेळी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन आम्ही शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीकडे गेलो होतो. आजींचे वय ८७. होळकर संस्थान असतानाचे इंदूर, वाड्यातली माणसे, मुलींच्या शाळेला घरातून झालेला विरोध, असे सव्वा तास त्या बोलल्या. मध्येच डोळे मिटून जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. कॅमेरा दहा फुटांवर स्टँडवर होता, डोक्यावर पंखा फिरत होता, स्वयंपाकघरात फ्रिज चालू होता आणि खाली रस्त्यावर रिक्षा. खोलीत बसून आम्हाला सर्व स्पष्ट ऐकू येत होते. शाळेत येऊन लावले तर पंखा ठळक आणि आजी पुसट. पुन्हा जाऊ असे ठरले. मग परीक्षा आल्या, मग सुट्या लागल्या, आणि पावसाळ्यात आजी गेल्या. त्यांच्या नातवाने प्रत मागितली ती आम्ही दिली. ओव्यांचे शब्द घरच्यांनाही लागले नाहीत. यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता, आमचा होता.

असे का झाले हे मुलांनी नीट समजून घ्यावे. खोलीत बसलेल्या माणसाला दोन कान असतात आणि त्यामागे मेंदू असतो. हवा तो आवाज निवडून नको तो बाजूला सारण्याचे काम मेंदू आपल्या नकळत करतो. माइक निवड करत नाही, त्याच्यापाशी पोचेल ते सगळे तो घेतो. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. तोंडापासून एक फुटावरचा माइक दहा फुटांवर नेला तर २० डेसिबल जातात, म्हणजे ध्वनीचा दाब दहावा हिस्सा उरतो. खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज मिसळतो म्हणून घट थोडी कमी भरते, पण तोच प्रतिध्वनी शब्दांच्या कडा पुसून टाकतो. पंख्याची घरघर मात्र दोन्ही ठिकाणी जवळपास तेवढीच. त्यातून बहुतेक कॅमेरे आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करतात. आजी श्वास घ्यायला थांबल्या की कॅमेऱ्याला वाटते आवाज कमी पडला, आणि तो पंखा उचलून वर आणतो.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ‘व्युत्क्रम वर्ग नियम’ आम्ही पाठ केला होता. मराठीत त्याला व्यस्त वर्गाचा नियम म्हणतात हे इथे शिकवू लागल्यावर कळले. नियम दोन्ही भाषांत पाठ होता, पण आजींच्या घरी आठवला नाही.

सिनेमाच्या लोकांनाही हे जड गेले होते. पूर्वी चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपायचा तर यंत्रांनी भरलेली गाडी न्यावी लागे. १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये स्टेफान कुडेल्स्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने खांद्याला अडकवून नेता येणारा टेप-रेकॉर्डर बनवला. त्याची मोटर घड्याळासारखी चावी देऊन चाले. नाव ठेवले ‘नाग्रा’. (मुलांना हा आपला नगारा वाटला. पोलिश भाषेत त्याचा अर्थ ‘रेकॉर्ड करील’ असा आहे.) आपल्याकडे मात्र पुष्कळ काळ चित्रीकरण आधी आणि संवाद नंतर स्टुडिओत, अशीच रीत होती. ‘लगान’ने २००१ साली जागेवरच संवाद टिपले, त्याची खूप चर्चा झाली. मराठीत ‘ख्वाडा’ला २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत जागेवरील ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. नटाला डबिंगसाठी पुन्हा बोलावता येते. आजींना कुठून बोलावणार?

आता यंत्राकडे येऊ. हातात मावणारे, कार्डावर आवाज साठवणारे रेकॉर्डर आज अनेक मिळतात. झूम कंपनीचा एच-१ एसेन्शियल त्यांतला एक छोटा. त्याला बारीक ३.५ मिलिमीटरची पिन लागते, मोठ्या माइकची तीन खिळ्यांची एक्सएलआर पिन लागत नाही. त्याच कंपनीच्या एच-४ एसेन्शियलला वर स्वतःचे दोन माइक आहेत आणि खाली एक्सएलआरच्या दोन जागा. हे दोन्ही २०२४ चे. २०२२ चा एफ-३ मुठीत मावतो, एक्सएलआरच्या दोन जागा देतो, पण त्याला स्वतःचा माइकच नाही. टास्कमचा डीआर-४०एक्स २०१९ चा आहे. त्याला माइकही आहेत आणि एक्सएलआरही. किमती सारख्या बदलतात म्हणून इथे छापत नाही, तीन दुकानांची कोटेशने सभेपुढे ठेवली आहेत.

एक्सएलआर कशाला हवी, असे एका मुलीने विचारले. या जोडणीत तोच आवाज दोन तारांवर उलटसुलट पाठवतात आणि रेकॉर्डर त्यांतला फरक घेतो. वाटेत विजेच्या तारांची गुणगुण दोन्हींवर सारखीच चढते, त्यामुळे फरक घेताना ती गळून जाते. केबल लांब असली तरी चालते. अनेक चांगल्या माइकना लागणारी ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवरही याच तारांतून जाते. तिने सेल लवकर उतरतात, म्हणून जास्तीचे सेल जवळ ठेवलेच पाहिजेत.

सर्वांत जास्त वाद झाला तो ‘३२ बिट फ्लोट’वर. डीआर-४०एक्समध्ये जास्तीत जास्त २४ बिट आहे, झूमच्या वरील तिन्हींत ३२ बिट फ्लोट. नववीच्या मुलांनी घातांक शिकलेले आहेत, त्यांना हे सोपे जाईल. २४ बिट म्हणजे ठरलेल्या लांबीची पट्टी. आवाज पट्टीच्या बाहेर गेला की वरचा भाग कापला जातो, आणि कापलेले नंतर सांधता येत नाही. म्हणून सर्वांत मोठा आवाजही शून्याच्या १२ डेसिबल खाली राहील अशी पातळी आधी लावून घ्यावी लागते. फ्लोटमध्ये संख्या आणि तिचा घात वेगवेगळा लिहितात, जसे आपण ३.२ गुणिले १० चा पाचवा घात लिहितो. त्यामुळे कुजबूज आणि आरोळी दोन्ही मावतात, पातळी मागाहून संगणकावर लावता येते. ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर अशा फाइल उघडते.

दुकानदार म्हणतात, आता काळजीच मिटली. आम्हाला तसे वाटत नाही. माइकच आवाजाने दबून फाटला तर फ्लोट काही करू शकत नाही. दहा फुटांवरचा पंखा तर फ्लोटमध्येही पंखाच राहील. तरीही आम्ही फ्लोटच्या बाजूने मत दिले ते मुलांसाठी. आजी हसल्या, एकदम गायला लागल्या, की पातळीवर लक्ष ठेवणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाचे भान जातेच. ते जावे, गोष्ट ऐकण्यासाठीच तो तिथे बसला आहे.

कार्डाचा हिशेब मुलांनी फळ्यावर केला. ४८ किलोहर्ट्झ, दोन ट्रॅक, ३२ बिट : सेकंदाला ३,८४,००० बाइट, तासाला १.४ जीबीच्या आसपास. ३२ जीबीच्या कार्डावर वीस तासांहून जास्त मावते. ४४.१ किलोहर्ट्झ हा सीडीचा आकडा आहे, व्हिडिओसाठी ४८ लावावा.

आमचा सल्ला असा की एच-४ एसेन्शियल घ्यावा, आणि त्याच रकमेत दोन कॉलर माइक व कान पूर्ण झाकणारा हेडफोन बसवावा. कॉलर माइक त्या रेकॉर्डरला लागतो ना, हे दुकानातच लावून पाहावे. पैसे कमी पडले तर रेकॉर्डर लहान घ्यावा, माइक सोडू नये. आजींच्या पदराला, तोंडापासून वीतभर खाली लावलेला साधा माइक दहा फुटांवरच्या महागड्या यंत्राला हरवतो.

कॅमेरा आणि रेकॉर्डर वेगळे झाले की जुळवणी आली. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची; चित्रात हात मिळाल्याचा क्षण आणि आवाजातला टोला एकावर एक ठेवायचा. शेवटीही एक टाळी हवी, कारण दोन यंत्रांची घड्याळे किंचित वेगळी चालतात. वीस हजारांत एकाचा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद होतात, आणि ओठ व शब्द यांतला तेवढा फरक डोळ्याला खुपतो. निघण्यापूर्वी सर्वांनी गप्प बसून रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट टिपावा, जोडकामात तो उपयोगी पडतो. रेकॉर्डर टेबलावर नुसता ठेवू नये, खाली टॉवेलची घडी ठेवावी.

आपल्या इंदूरच्या मराठीत जुनी माणसे “तो येऊन राहिला आहे” असे म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात. तो प्रयोग कागदावर लिहिता येतो, पण त्याचा हेल कागदावर उतरत नाही. शाळेच्या ग्रंथालयात तो हेल कुठेही साठवलेला नाही.

ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा आहेत आणि बोलायला राजी आहेत, त्या पालकांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. मुले येतील तेव्हा तासभर पंखा आणि फ्रिज बंद ठेवावा लागेल, म्हणून सकाळची वेळ ठेवू. बंद केलेला फ्रिज पुन्हा सुरू करायचे विसरू नये यासाठी सिनेमातले लोक स्वतःच्या गाडीची चावी त्यात ठेवतात. आमच्या स्कूटरची चावी आम्ही ठेवू.