पेणच्या पोह्यांवर स्वित्झर्लंड

प्रश्न : आमचा पेणला गणपतींचा कारखाना आहे. विसर्जन झालं की दोन-तीन आठवडे हात मोकळे असतात. मी आणि माझी रोह्याची मावसबहीण (ती कॉलेजात शिकते) पाठीवर सॅक टाकून स्वित्झर्लंडला जायचं म्हणतोय. टूरचे आकडे ऐकून घरचे म्हणतात, तो देश आपल्यासारख्यांसाठी नाही. खरंच कमी पैशांत जमण्यासारखं नाही का?
— एक वाचक, पेण

उत्तर : जमतं. पण घरच्यांचं बोलणं उडवून लावू नका, त्यांनी ऐकलेले आकडे खोटे नाहीत. हॉटेलातली खोली, तिन्ही वेळचं बाहेरचं खाणं आणि डोंगरावर नेणारी गाडी असा हिशेब धरला तर तो देश महागच आहे. इंटरलाकेनहून युंगफ्राऊयोखला जाऊन यायचं पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं, आणि एक फ्रँक शंभर रुपयांहून महाग आहे. साध्या हॉटेलात एका माणसाचं जेवण वीस-पंचवीस फ्रँकला पडतं.

आता ही महागाई नेमकी कशाची आहे ते पाहा. तिथे माणसाच्या वेळेचं मोल मोठं आहे. वाढपी, खोली आवरणारी बाई, टॅक्सीवाला, म्हणजे जिथे कोणीतरी आपल्यासाठी राबतं, तिथे बिल अंगावर येतं. दुकानातला पाव, बटाटे, अंडी, सफरचंदं मात्र त्या मानाने आवाक्यातली आहेत. चालणं, शिजवणं, ओझं वाहणं ही कामं आपण स्वतः केली की खर्च भराभर उतरतो. शिवाय त्या देशाने सगळ्यांसाठी म्हणून जे उभं केलंय, त्याचे पैसे तुमच्याकडेही कोणी मागत नाही. खुणा केलेल्या पायवाटाच ६५ हजार किलोमीटरहून जास्त आहेत. फाट्या-फाट्यावर पिवळी पाटी, तिच्यावर पुढच्या गावाचं नाव आणि तिथवर चालायला लागणारा वेळ. एकट्या झुरिच शहरात १२०० हून अधिक सार्वजनिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिता येतं. ज्या कारंज्यावर ‘काइन ट्रिंकवासर’ अशी जर्मन पाटी असेल तेवढं सोडायचं, बाकी कुठेही बाटली भरायची. लाउटरब्रुनेनच्या दरीत श्टाउबबाख नावाचा जवळपास ३०० मीटर उंचीचा धबधबा गावाला लागूनच कोसळतो. तो पाहायला तिकीट नाही. युंगफ्राऊयोखची १९१२ सालची रेल्वे हे इंजिनियरांचं मोठं काम आहे यात शंका नाही, पण हात राखून खर्च करणाऱ्याने ती सोडावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच शिखरांकडे पाहत दरीतून दिवसभर चालता येतं.

पैसे न घेता महागड्या देशांतून चालत गेलेल्या दोघांची गोष्ट तुमच्याच तालुक्यापाशी येऊन पोचते. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि पुढे तेराएक वर्षं ते देशभर पायी फिरले. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांना विरोध म्हणून दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला चालत जायला निघाले. निघण्याआधी ते विनोबांकडे आशीर्वादाला गेले. विनोबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या : खिशात पैसा ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका. दोघांनी त्या पाळल्या. समुद्र बोटीने ओलांडला, बाकी मुख्यतः पायीच, आणि रोजचा मुक्काम व जेवण भेटलेल्या माणसांकडे. पाकिस्तानच्या सीमेवर एका स्नेह्याने बांधून दिलेली शिदोरी सतीश कुमारांनी घेतली नाही. बरोबर अन्न नेणं म्हणजे पलीकडच्या माणसांवर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटलं.

तुम्हीही रिकाम्या खिशाने जा, असं मी सांगत नाही. त्या दोघांनी पैसा सोडला तो परक्या माणसाच्या दाराशी विश्वासाने उभं राहता यावं म्हणून, सहल स्वस्तात व्हावी म्हणून नव्हे. हल्ली काही प्रवासी परदेशातल्या चौकात ‘माझ्या प्रवासाला मदत करा’ अशी पाटी घेऊन बसतात. ते मला मुळीच पटत नाही. त्या चौकात ज्याला खरोखर गरज आहे, त्याच्या वाट्याची ती मदत असते. विनोबांच्या सल्ल्यातून आपण घ्यायचं ते पायी चालणं आणि कमीत कमी गरजा. शिदोरी मात्र तुम्ही बांधून घ्याच.

आणि शिदोरी म्हटली की पेणकरांना बाहेर शोधायला नको. पेणचे पोहे वजनाला हलके, आठ-पंधरा दिवस बिनघोर टिकणारे आणि शेगडी न पेटवता खाता येणारे. भिजवून मेतकूट-लोणच्याबरोबर सकाळचं भागतं. संध्याकाळी चुलीची सोय असली तर कांदा-बटाटा घालून पोटभर होतं. पापड-मिरगुंडांचा मोह आवरा. विजेच्या शेगडीवर ते धड भाजले जात नाहीत आणि सॅकमध्ये त्यांचा चुरा होतो. तूप, पेढे, खवा किंवा कसलाही मांसाचा पदार्थ अजिबात नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत न्यायला तिथे बंदी आहे. बाकीची खरेदी मिग्रो आणि कोऑप या दुकानांत. मिग्रोची स्वस्त मालाची हिरवी वेष्टनं ‘एम-बजेट’ नावाची, कोऑपची गुलाबी. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास ताज्या मालावर सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटवतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी, म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवा.

मुक्कामाला वसतिगृहात सहा-आठ जणांच्या खोलीतली एक खाट साधारण चाळीस ते साठ फ्रँकला मिळते. इथे एक गोष्ट आधी विचारून घ्या, ती म्हणजे पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर आहे का. यूथ हॉस्टेलांत न्याहारी मिळते, पण बऱ्याच ठिकाणी स्वतः रांधायची सोय नसते. खासगी बॅकपॅकर हॉस्टेलांत ती बहुधा असते. तुमच्या बेतात पोह्यांची मदार असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा. तंबूचा विचार असेल तर अधिकृत तळावरच टाका. उघड्यावर राहण्याचे नियम प्रत्येक कँटनचे, म्हणजे तिथल्या प्रांताचे, वेगळे आहेत, आणि १९१४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात तर तंबूला पूर्ण मनाई आहे.

गावं थोडी निवडा. दहा दिवसांत दहा शहरं पाहायला गेलात तर सगळा पैसा रेल्वेला जाईल. मी असा बेत सुचवेन : विमान इटलीतल्या मिलानचं पाहा, ते अनेकदा झुरिचपेक्षा स्वस्त पडतं. तिथून रेल्वेने दीड तासाच्या आत लुगानो. हा टिचिनो कँटन इटालियन बोलणारा, तळ्यांचा. तिथे हॉटेलात, यूथ हॉस्टेलात किंवा तंबूच्या तळावर रात्र काढणाऱ्याला ‘टिचिनो टिकेट’ मिळतं आणि मुक्काम असेपर्यंत त्या कँटनमधल्या बस-रेल्वेला पैसे पडत नाहीत. चार-पाच दिवस तिथे काढून मग लाउटरब्रुनेनला जा. अशा लांबच्या प्रवासासाठी पर्यटकांचं महिनाभराचं ‘हाफ फेअर कार्ड’ आहे, त्याने बहुतेक तिकिटं अर्ध्यावर येतात. पण लांबचे प्रवास एक-दोनच असतील तर आधी बेरीज करून पाहा, कार्डाचे पैसे वसूल होतात का. विसर्जन सप्टेंबरात आटोपलं तर आणखी एक लाभ पदरात पडेल. त्या महिन्यात उंचावरच्या कुरणांतून गाई खाली गावात आणतात. त्यांच्या माथ्यावर फुलांची सजावट, गळ्यात मोठाल्या घंटा, आणि सारा गाव रस्त्याच्या कडेला उभा. मूर्तीचा साज घडवणाऱ्या तुमच्यासारखीला तो सोहळा मनापासून आवडेल.

असं फिरलात तर माणशी सत्तर-ऐंशी फ्रँकमध्ये दिवस निघावा. बारा दिवसांचे साधारण नऊशे फ्रँक, म्हणजे लाखाच्या आसपास, आणि वर विमान, व्हिसा, विमा. पेण-रोह्यातल्या घरासाठी ही रक्कम लहान नाही आणि ती लहान आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

निघण्याआधी भरलेली सॅक घेऊन रोह्याजवळच्या अवचितगडावर मेढ्याकडून दोन-चारदा चढून या, तेही पावसाळ्यात. जी वस्तू गडावर नकोशी वाटेल ती घरी ठेवा. आठ किलोच्या आत ओझं आलं तर उत्तम.

कात्री लावता येत नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास-विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या खर्चाने राहणाऱ्याने दिवसाला साधारण १०० फ्रँक हाताशी असल्याचं दाखवावं अशी स्वित्झर्लंडची अपेक्षा असते. ओळखपत्र असलेल्या विद्यार्थ्याला ती ३० फ्रँकची आहे. तेव्हा तुमच्या मावसबहिणीने कॉलेजचं ओळखपत्र आणि दाखला घेऊन ठेवावा. मिलानला उतरलात तरी जास्त मुक्काम स्वित्झर्लंडला असल्याने अर्ज त्याच देशाकडे करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात व्हिसाच्या तारखा भराभर भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये कारखान्यात रंगकाम आणि डोळ्यांची आखणी सुरू असताना तुम्हाला मुंबईला जायला एक दिवसही मिळणार नाही, म्हणून मे महिन्यातली तारीख घ्या.