शेतीशाळेतील अबोल शेतकरी

प्रशिक्षण वर्गात प्रश्न विचारणारे चार-पाच शेतकरीच नजरेत भरतात. जे गप्प बसतात, त्यांना विषय समजला असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्यांची शंका मनातच राहते आणि फवारणी जुन्याच सवयीने होते.

भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या नियंत्रणासाठी 1989 मध्ये इंडोनेशियात सुरू झालेल्या शेतीशाळेची रचना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तेथे सुमारे 25 शेतकरी लहान गटांत दर आठवड्याला शिवारात उतरतात, किडी व मित्रकीटक मोजतात, निरीक्षणांचे चित्र काढतात आणि चर्चेअंती निर्णय घेतात.

या रचनेत प्रत्येक स्वभावाला वाव देता येतो. चिकित्सक शेतकऱ्याकडे मोजणी द्यावी, बोलक्याने गटाचे म्हणणे मांडावे. साशंक शेतकऱ्याकडे एकात्मिक व्यवस्थापनाच्या आणि नेहमीच्या पद्धतीच्या प्लॉटची तुलना सोपवावी. अबोल शेतकऱ्याचे मत लहान गटातच, इतरांच्या आधी विचारावे. मात्र स्वभावाचा कायमचा शिक्का कोणावरही मारू नये. प्रारंभी रुचेल ते काम देऊन पुढे कामे आलटून-पालटून द्यावीत.

वर्गात कोण किती बोलले, यावरून प्रशिक्षणाचे यश ठरत नाही. स्वतःच्या शेतात किडी मोजून मगच फवारणीचा निर्णय किती जणांनी घेतला, हेच त्याचे खरे मोजमाप होय.