पाळीवरून पाणी पाहा

‘थोडंच चालायचं आहे’ असं कुणी म्हणालं की मी आता दोन प्रश्न विचारते. थोडं म्हणजे किती, आणि कशावरून? वयस्क माणसाला पाणवठ्यावर नेताना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं असतं. आमच्या आक्काला ते कुणी दिलं नव्हतं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. एका निसर्गप्रेमी गटाची सहल अंबड तालुक्यातल्या एका तलावावर निघाली होती. आक्का तेव्हा ७४ वर्षांची, रोज सकाळी फिरणारी, काठी न वापरणारी. गटातली पोरं मायाळू होती, पण आदल्या दिवशी जाऊन वाट कुणी चालून पाहिली नव्हती. पाणी पाळीपासून बरंच मागे हटलं होतं आणि बदकं पाण्याच्या कडेला होती, म्हणून सगळे भेगाळलेल्या गाळावरून पुढे निघाले. वरून जमीन खडखडीत वाळलेली. काही अंतरावर आक्काचा पाय पोटरीपर्यंत आत गेला. दोघांनी दोन्ही हात धरून तिला वर ओढलं. पाय निघाला नाही, खांदा मात्र निखळला. गाडीपर्यंत आणायला साधी खुर्ची नव्हती. शेवटी जवळच्या शेतातल्या आखाड्यावरून बाज आणली आणि तिच्यावर निजवून तिला नेलं. खांदा बरा झाला. पण पाण्याकडे जाऊ म्हटलं की आक्का अजून नाही म्हणते.

आपल्या जालना जिल्ह्यात पाणथळ म्हणजे मुख्यतः तलाव, बंधारे आणि दक्षिणेचा गोदाकाठ. इथल्या पाण्याची कड एका जागी राहत नाही. पावसाळा चांगला झाला तर दिवाळीच्या सुमारास पाणी पाळीच्या दगडी पिचिंगला टेकलेलं असतं, आणि उन्हं तापू लागली की महिन्या-महिन्याने मागे सरतं. मागे उरतो तो काळ्या मातीचा गाळ. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. उन्हाने वरचा थर कडक होतो, पण आतला गाळ कित्येक आठवडे ओला राहतो. त्यात २०१२-१३ च्या दुष्काळाने जालना होरपळून निघाल्यावर तलावांतला गाळ उपसायच्या कामांना जोर आला. घाणेवाडीच्या निजामकालीन तलावासाठी शहरातले लोक स्वतः पुढे आले. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजनाही आली. काम मोलाचंच आहे. मात्र जिथे गाळ खोदून नेला तिथे खड्डे राहतात, पुढच्या पावसाळ्यात ते मऊ गाळाने भरतात आणि वरून सपाट दिसतात. गावातला मासेमारी करणारा किंवा गुराखी हे खड्डे बरोबर ओळखतो. त्याला विचारल्याशिवाय पाळ सोडून खाली उतरू नये.

म्हणून ज्येष्ठांसाठी माझा पहिला सल्ला ऋतूचा आहे. नोव्हेंबर ते जानेवारीत जा, पाणी पाळीला लागून असतं तेव्हा. थापट्या, चक्रवाक, वारकरी, शेकाट्या हे सारे पाळीवर बसूनही दिसतात. ज्या पाळीच्या माथ्यावर गाडीवाट आहे, ती आपली तयार पायवाट समजा. सकाळी सूर्याकडे पाठ होईल अशी जागा निवडा, म्हणजे डोळे दिपत नाहीत आणि पक्ष्यांचे रंग उठून दिसतात. सांडव्याच्या भिंतीवर मात्र जाऊ नका. तिथलं शेवाळ तरण्याताठ्यालाही पाडतं.

पाय रुतलाच तर ओढाओढ करायची नाही. माणसाला तिथेच मागे टेकून बसवा, खाली चटई, फळी, पोतं, मिळेल ते घाला. मग पाय हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवायचा, म्हणजे बाजूने हवा-पाणी आत शिरतं आणि चिखलाची पकड सुटते. बूट आत राहिला तर राहू द्या. हाडाला लागल्याची शंका असेल तर १०८ ला फोन करा. त्यासाठी आपण नेमके कोणत्या गावाच्या शिवारात आहोत आणि रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते, हे निघतानाच ठाऊक हवं.

आता एक गोष्ट, जी बायका चारचौघांत बोलत नाहीत म्हणून मी इथे लिहिते. पाणवठ्यावर शौचालय नसतं. त्यामुळे सहलीला निघालेल्या कित्येक बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असते, त्या ती गोळी परस्पर टाळतात. पुरुषही करतात हे, पण बायका जास्त. वयानुसार तहान आधीच कमी लागते, त्यात उन्हात उभं राहणं, आणि मग अचानक उठताना डोळ्यांपुढे अंधारी. ‘आजींना ऊन लागलं’ असं सगळे म्हणतात, पण आजी कालपासून पाणी प्यायलेल्या नाहीत हे कुणी विचारत नाही. सहल ठरवणाऱ्याने जवळच्या शाळेत, मंदिरात किंवा एखाद्या घरी आधी बोलून सोय करून ठेवावी आणि ती सोय कुठे आहे हे निघतानाच सगळ्यांना मोठ्याने सांगावं. गोळीची वेळ बदलायची असेल तर ते डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या मनाने नको. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने पहाटे उपाशीपोटी निघू नये. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असेल तर काटा रुतलेलाही कळत नाही, म्हणून बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत.

चष्म्याचंही ध्यानात ठेवा. दुहेरी भिंगाचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाखालची जमीन धूसर दिसते. दुर्बीण उभ्याने मान वर करून वापरू नये, तोल जातो. आधी बसावं, मग पाहावं. गटाकडे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण असेल तर ती खुर्चीच्या उंचीला लावून द्या.

एस्टोनियात व्हिरूच्या दलदलीतून लाकडी फळ्यांची वाट नेली आहे आणि तिच्या काही भागावर चाकाची खुर्चीही जाते. पाहून हेवा वाटतो. आपल्या काळ्या मातीत मात्र उथळ रोवलेले खांब मातीच्या फुगण्या-आकसण्याने तिरके होतील, आणि पाण्याची कडही तिथे थांबणार नाही. आपल्याला परवडेल आणि टिकेल ते वेगळं आहे: पाळीवर मुरूम टाकून दाबलेली निदान १२०० मिलिमीटर रुंद वाट, वर चढायला १२ फुटांना १ फुटापेक्षा जास्त चढ नसलेला उतार, दोन्ही बाजूंना हाताला लागणारे कठडे आणि सावलीत पाठ टेकणारे, हाताला आधार देणारे बाक. हात नसलेल्या बाकावरून गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. ग्रामपंचायतीला हे अवघड नाही. तलाव ज्या खात्याचा असेल त्याची परवानगी तेवढी आधी घ्यावी लागेल.

मंठ्याकडून लोणारला जाणाऱ्यांनाही हेच सांगते. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं ते सरोवर काठावरून पूर्ण दिसतं. खाली उतरलं नाही म्हणून ज्येष्ठांचं लोणार पाहणं अपुरं ठरत नाही.

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून. जालन्यातल्या पक्षीमित्रांना माझी विनंती आहे की त्या आठवड्यात एक फेरी फक्त पाळीवरची ठेवा. चार-पाच खुर्च्या गाडीत टाका. आणि निमंत्रणात पक्ष्यांच्या नावांच्या आधी अंतर किती, चढ किती, वाट कशाची आणि शौचालय कुठे, हे छापा.