आधी फिजिओकडे जा

चि. बाळास,


परवा रात्री फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आत्या, मांडीची मागची शीर ओढल्यासारखी वाटते गं, पण आईला सांगू नकोस." आणि लगेच मेसचं जेवण, बेंगळुरूचा पाऊस असं काहीबाही बोलत राहिलीस. मी तेव्हा गप्प बसले. फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळलं असतंस. पत्रात तसं करता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

शीर कधीपासून ओढते, हे तू सांगितलं नाहीस. आठ दिवसांवर निवड चाचणी आहे, हे मात्र दोनदा सांगितलंस. त्यावरून मला काय ते कळलं. शिबिरातल्या फिजिओला तू अजून काही बोललेली नाहीस. खरं ना?

मीही हेच केलं होतं. विद्यापीठाच्या संघाची चाचणी होती आणि घोटा मुरगळला होता. पहाटे उठून, खोलीची कडी लावून मी घोट्यावर क्रेप बँडेज आवळलं, वर दोन मोजे चढवले. लंगडणं दिसू नये म्हणून वॉर्म-अपला सगळ्यांच्या मागे धावले. निवड झाली. पहिल्याच सामन्यात, उत्तरार्धात, बॉल घेऊन उजवीकडे वळताना तोच घोटा असा गेला की दोन हंगाम स्टिकला हात लावता आला नाही. परतले तेव्हा माझ्या जागेवर दुसरी मुलगी रुळली होती आणि माझा वेगही पहिल्यासारखा राहिला नव्हता. कोणी माझ्यावर अन्याय केला नाही. त्या सकाळी प्रशिक्षकांनी विचारलं होतं, "सगळं ठीक ना?" मी "हो सर" म्हणाले. तुझ्या बाबाला आजही यातलं काही माहीत नाही.

आणि आमचं हॉकी तुमच्यापेक्षा संथ होतं. आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, हव्या तितक्या वेळा खेळाडू बदलायची मुभा. तुझ्यासारख्या फॉरवर्डला पाच-सात मिनिटं जीव तोडून पळवतात, बाहेर बसवतात, पुन्हा आत सोडतात. त्यात कमरेत वाकून बॉल घ्यायचा आणि तिथूनच सुसाट सुटायचं. हॅमस्ट्रिंग तुटते ती बहुतेक वेळा अशाच धावेत. आज फिजिओने हात लावून पाहिलं तर कदाचित थोड्या विश्रांतीवर भागेल. तीच शीर चाचणीत फाटली तर किती महिने जातील, ते कोणी सांगू शकणार नाही.

यंदाच्या दौऱ्यातून तुझं नाव गळू शकतं. खोटा धीर मी देणार नाही. पण तू एकोणीस वर्षांची आहेस. रानी रामपालचं बघ. शाहबादसारख्या छोट्या गावातली, गाडा हाकणाऱ्या बापाची पोर, चौदाव्या वर्षी भारताकडून खेळली. 2010च्या विश्वचषकात, पंधराव्या वर्षी, सात गोल केले. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिच्या नेतृत्वाखाली संघ चौथा आला, तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर रडलो होतो, आठवतं? त्यानंतर दुखापतीने ती बाहेर राहिली, 2022चा विश्वचषक हुकला. तरी 2023च्या जानेवारीत ती दक्षिण आफ्रिकेत पुन्हा भारतीय जर्सीत उतरली. 2024मध्ये निवृत्त झाली तेव्हा अडीचशेहून जास्त सामने नावावर होते. वंदना कटारिया तर तीनशे वीस सामने खेळून थांबली. तुझे अजून अकरा झालेत, पोरी.

एक गोष्ट मात्र रागावूनच सांगते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने दुखण्याची गोळी आणायची नाही, मैत्रिणीने दिलेली तर मुळीच नाही. पोटात जाईल ते सगळं आधी शिबिराच्या डॉक्टरांना दाखवायचं. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर "मला ठाऊक नव्हतं" म्हणून कोणी सोडत नाही.

विश्रांती सांगितली तर अंथरुणात तोंड खुपसून बसू नकोस. गोठ्याच्या मागच्या भिंतीवर तुझ्या बॉलचे गोल डाग अजून आहेत. गेल्या दिवाळीत चुना मारणाऱ्याला मी तेवढा तुकडा सोडायला लावला. सहावीत होतीस, आणि भिंतीवरून परत येणारा बॉल स्टिकला चिकटल्यासारखा थांबायचा. अलीकडे तुझ्या सामन्यांत मला दिसतं की उलट्या स्टिकने घेतलेला बॉल हातभर उडतो आणि तेवढ्यात डिफेंडर येऊन पोहोचते. सगळ्यांना ड्रॅग फ्लिकचं वेड लागलंय, तुलाही लागलंय. फिजिओ हो म्हणाला तर खुर्चीत बसून मनगटं चालव, रोज शंभर ट्रॅप घे. वेळ मिळेल तेव्हा आपल्याच सामन्यांचे व्हिडिओ बघ, आणि बॉल तुझ्याकडे नसताना तू कुठे उभी असतेस तेवढंच बघ.

आपल्या फलटण तालुक्यातून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके भारताच्या संघात गेल्या. त्यामुळे गावात आता लोक तुझ्या निवडीची तारीख विचारतात. पारावर चर्चा होते, बाबा छाती काढून सांगतो. त्या दडपणाने तू गप्प बसली असशील, तर ते ओझं माझ्याकडे दे. गावाला काय सांगायचं ते मी बघते.

तुझ्या बी.ए.च्या परीक्षेचा अर्ज भरलाय, पावती बाबाजवळ आहे. गुळाच्या वड्या पाठवते आहे, त्या खोलीतल्या मुलींना वाट, नाहीतर एकटीच संपवशील.

पत्र हाती पडेल त्याच दिवशी, संध्याकाळच्या सरावाच्या आधी, फिजिओकडे जा. शीर कधीपासून, कुठे, किती दुखते ते खरं सांग. मग मला फोन कर, कितीही वाजू देत. आईला मी काही बोललेले नाही. ते तूच सांग, रविवारी, तिची भाकरी-बिकरी उरकल्यावर.

तुझी,
आत्या