लावणीच्या दिवसांतली गोळी

प्रश्न : वडील (६२) मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेऊन लावणीला जातात. अकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम फुटतो. गोळ्या थांबवाव्यात का?
– एक वाचक, तळा

उत्तर : परस्पर थांबवू नका. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. एकटी ती सहसा साखर फार उतरवत नाही. माझा संशय ग्लिमेपिराइडवर. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात घास असो वा नसो. त्यात चिखलातले कष्ट! नुसत्या कोऱ्या चहावर ती घेत असतील, तर दुखणं तिथेच आहे. तांदळाची भाकरी खातानाच गोळी घ्यावी. थरथर सुटली की बांधावर बसून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यावी. पंधरा मिनिटांनी साखर ७०च्या खालीच असेल, तर पुन्हा तेवढीच. लावणीपुरता डोस उतरवायचा का, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. क्रिएटिनिनही तपासून घ्या.