सुट्या भागाची किंमत

सोलापूर शहराच्या पूर्व भागात सकाळी कोणी गेला, तर माग त्याला दिसण्यापूर्वी ऐकू येतात. साखर पेठ, अशोक चौक या बाजूच्या गल्ल्यांतून एकच ठेका कानांवर पडत असतो. तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी हा ठेका या शहराला दिला. पुष्कळ माग आता अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत गेले आहेत. तरी खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरे अजून आढळतात.

एखादे दिवशी यांपैकी एक माग अकस्मात थांबतो. धोट्याला या टोकाकडून त्या टोकाकडे भिरकावणारा 'पिकर' नावाचा लहानसा तुकडा झिजून फाटलेला असतो. मिनिटाला शंभराच्या आसपास तडाखे सोसणारी ती वस्तू; ती फाटायचीच. जॉबर येतो, आपल्या पत्र्याच्या डब्यातून नवा पिकर काढतो, दोन ठिकाणी पाना फिरवतो आणि अर्ध्या तासात माग पुन्हा बोलू लागतो. हा पिकर कोणत्या कारखान्यात झाला, याची चौकशी मालक करीत नाही. तो फक्त भाव विचारतो, आणि तोही सवयीने. हा माग कदाचित मालकाहूनही वयाने वडील असतो. महाराष्ट्रातील यंत्रमागांच्या गावांत गिरण्यांनी मोडीत काढलेले कित्येक माग लहान विणकरांनी विकत घेतले आणि पुढे वर्षानुवर्षे चालविले.

आता अशाच एखाद्या घराच्या माडीवर जावे. तेथे कपडे धुण्याचे यंत्र बंद पडलेले असते. त्याचे वय सहा वर्षे. कंपनीचा मेकॅनिक येतो, झाकण उघडतो आणि म्हणतो, "बोर्ड गेला." बोर्डाची किंमत कित्येक हजार रुपये, कधीकधी ती संपूर्ण यंत्राच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी भरते. त्यावर मजुरी निराळी. मग मेकॅनिकच सल्ला देतो, "काकू, एवढे पैसे यात घालण्यापेक्षा नवेच घ्या." त्याचा सल्ला खोटाही नसतो. पत्रा शाबूत, मोटार शाबूत, पिंप शाबूत. तरी ते यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

एकाच घरात खाली एक यंत्र पन्नास वर्षे जगते आणि वर दुसरे सहा वर्षांत मरते, हे कसे?

माग ओबडधोबड आणि बोर्ड नाजूक, म्हणून हा भेद पडतो, असे प्रथम वाटते. त्यात थोडे तथ्य आहे. परंतु बोर्डावरील जे बारीक घटक जळतात, त्यांपैकी पुष्कळसे बाजारात किरकोळ किमतीस मिळतात. महाग असतो तो अखंड बोर्ड, आणि तो एकाच ठिकाणी मिळतो. पिकर करणारे अनेक, विकणारे अनेक आणि बसविणारे तर गल्लीगल्लीत. यंत्राच्या सुट्या भागाची किंमत केवळ त्यातील धातूवरून किंवा कारागिरीवरून ठरत नाही. तो भाग करण्याची आणि विकण्याची मुभा किती जणांना आहे, यावरून ती फार मोठ्या प्रमाणात ठरते.

ही मुभा एका मापातून निर्माण होते. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे स्क्रू आणि नट निराळ्या आट्यांचे असत. एका कारखान्याचा नट हरवला, तर दुसऱ्याचा चालत नसे. सन 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा असावा आणि स्क्रूच्या जाडीप्रमाणे इंचाला किती आटे हे ठरलेले असावे, अशी सूचना मांडली. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली आणि पाहता पाहता नट ही दुकानात मोजून मिळणारी वस्तू झाली. माप एक नसले की काय होते, ते अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने 1904 च्या फेब्रुवारीत अनुभवले. तेथे मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धावून आले. परंतु बाहेरगावच्या अनेक बंबांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या पाण्याच्या नळांना बसेनात. माणसे होती, पाणी होते, यंत्रे होती. सांधा तेवढा जुळत नव्हता. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या.

आपल्या देशात मापांचे हे काम 1947 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेकडे आले. 1987 पासून ते भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. या कामाची फळे प्रत्येक घरात आहेत. ती इतकी सवयीची झाली आहेत की कोणाच्या लक्षात येत नाहीत. दिव्याच्या खुंटीच्या होल्डरमध्ये कोणत्याही कंपनीचा तसा दिवा बसतो. छताचा पंखा मंद फिरू लागला, तर बहुधा त्याचा कपॅसिटर कमकुवत झालेला असतो. तो नव्या पेठेतील कोणत्याही विजेच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतो. त्यावर छापलेले आकडे जुन्याशी जुळले म्हणजे झाले. पंख्याचे नाव काय, हे दुकानदार विचारीतही नाही.

शिवणयंत्राची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सोलापुरात शाळेच्या आणि कामगारांच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे आणि त्यामुळे घरोघरी शिलाई चालते. पायाने चालविण्याचे जुने काळे यंत्र नात आजीकडून घेते आणि त्यावर पैसे मिळविते, हे दृश्य येथे नवलाचे नाही. त्या घडणीच्या यंत्राची सुई, बॉबीन, शटल, वादी हे सगळे एका ठरलेल्या धाटणीचे असते. पंजाबातील लुधियाना शहरात असे भाग तयार करणारे अनेक कारखाने आहेत. मूळ कंपनी राहो वा न राहो, यंत्र अडून राहत नाही.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा हाच विचार हवा थंड करणाऱ्या कूलरच्या रूपाने समोर येतो. स्थानिक कारागिराने केलेला पत्र्याचा कूलर दिसायला बेढब खरा. परंतु त्याचा पंप जळाला तर बाजारातून दुसरा आणून घरातील मुलगाही जोडू शकतो. बाजूच्या जाळीतील गवत कुजले तर नवे भरता येते. प्लास्टिकच्या देखण्या कूलरपैकी काहींत मात्र पंपाचे तोंड, जाळीचा आकार, फिरविण्याचे बटण हे सारे त्या एकाच नमुन्यापुरते असते. दोन वर्षांनी कंपनी नमुना बदलते आणि गिऱ्हाईक तुटलेले बटण हातात घेऊन दुकानोदुकानी हिंडते.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एका कंपनीचे यंत्रांचे पन्नास नमुने असतील, तर हजारो सुटे भाग वर्षानुवर्षे गोदामात सांभाळावे लागतात. त्यांतील काहींना कधीच मागणी येत नाही. जागेचे भाडे, अडकलेले भांडवल, एकेक भाग दूरच्या गावी पाठविण्याचा खर्च, हे सर्व त्या भागाच्या किमतीत शिरते. हे समर्थन खरे आहे; पण पुरे नाही. नवे यंत्र विकताना कंपन्या परस्परांशी चुरस करतात आणि किंमत खाली आणतात. खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकासमोर दहा दुकाने असतात, दुरुस्तीच्या वेळी मात्र एकच दार. त्या दारात उभा असलेला माणूस अडलेला असतो. आणि अडल्या नारायणाला काय करावे लागते, ते मराठी माणसाला निराळे सांगायला नको.

आणखी एक युक्ती अशी की, लहान भाग सुटा विकावयाचाच नाही. कपडे धुण्याच्या काही यंत्रांत पिंपाचे बेअरिंग झिजते. ती वाटीएवढी पोलादी कडी. परंतु पिंपाचे दोन अर्ध एकमेकांना कायमचे चिकटविलेले असल्यामुळे कडी बदलता येत नाही. अख्खे पिंप घ्यावे लागते.

याचा भार सर्वांत अधिक कोणावर पडतो? विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया सोलापुरात आहेत. कुंभारी येथील त्यांच्या सहकारी वसाहतीतील दहा हजार घरे 2006 मध्ये त्यांना मिळाली. हजार विड्या वळण्यात दिवस सरतो आणि मजुरी हजारावर मोजली जाते. अशा घरात हप्त्याने घेतलेला मिक्सर येतो, तेव्हा तो चैनीचा नसतो. त्याने वाचविलेल्या वेळात शे-दीडशे विड्या अधिक होतात. त्या मिक्सरचा रबरी कपलर तुटला, तर तो थोडक्यात मिळतो. भांड्याची पाती झिजली, तरी निभावते. परंतु भांडेच फुटले आणि त्याचा नमुना बंद झालेला असला, तर तिने दिलेल्या सगळ्या हप्त्यांवर पाणी पडते. मग पुन्हा पाटा-वरवंटा. शेंगाची चटणी उखळात कुटली म्हणजेच तिला खरे तेल सुटते, असे जुन्या बाया सांगतात आणि ते खरेही आहे. उखळाला सुटा भाग लागत नाही. पण दिवसभर विड्या वळलेल्या हाताने रात्री कुटत बसणाऱ्या बाईला हे कौतुक सांगू नये.

महागाईवर उपाय म्हणून पुष्कळ जण नकली भागाकडे वळतात. येथे विवेक हवा. कपलर हलका निघाला, तर फार तर पुन्हा तुटेल. प्रेशर कुकरची सुरक्षा-झडप ही गोष्ट निराळी. तिच्यात थोड्या उष्णतेने वितळणारा धातू असतो. शिटीचे छिद्र तुंबले आणि कुकर फाजील तापला, तर तो धातू वितळून वाफेला वाट करून देतो. नकली झडपेतील धातू वेळेवर वितळला नाही, तर वाचविलेल्या चार पैशांची किंमत स्वयंपाकघरातील माणसाला मोजावी लागते. अशा भागावर मानक संस्थेची खूण पाहावी आणि पावती घ्यावी. अस्सल भाग परवडण्याजोगा असेल, तर नकलीचा बाजार आपोआप ओसरतो, हेही कंपन्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.

सुट्या भागांच्या मक्तेदारीचा प्रश्न आपल्याकडे अधिकृतपणे प्रथम गाजला तो मोटारींच्या बाबतीत. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांना मिळू न देता गिऱ्हाइकाला आपल्याच दाराशी बांधून ठेवणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. घरगुती यंत्रांकडे सरकारचे लक्ष त्यानंतर वळले. 2022 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. हमीच्या मुदतीत कंपनी टाळाटाळ करू लागली, तर 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडे तक्रार सांगता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडेही जाता येते.

युरोपात याहून पुढचे पाऊल टाकले गेले आहे. तेथील नियमांप्रमाणे मार्च 2021 पासून कपडे धुण्याच्या यंत्राचे ठरावीक सुटे भाग, त्या नमुन्याचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतरही दहा वर्षे कंपनीला पुरवावे लागतात. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून काही यंत्रांवर दहापैकी गुण छापण्याची सक्ती केली. यंत्र किती सुलभपणे उघडता येते, भाग किती काळ मिळतात, यांबरोबरच यंत्राच्या किमतीशी तुलना करता सुट्या भागाची किंमत काय, यालाही त्यात गुण असतात. म्हणजे तेथे गिऱ्हाईक दुकानात उभे असतानाच, दहा दुकाने समोर असतानाच, पुढच्या दुरुस्तीचा अंदाज त्याला मिळतो. नव्या पेठेत अशी चिठ्ठी यंत्रावर लावलेली नसेल, परंतु दुकानदाराला विचारता येते: बोर्ड केवढ्याला, पिंपाचे बेअरिंग सुटे मिळते का, मेकॅनिक गावात आहे की पुण्याहून यावा लागतो. उत्तर देताना तो अडखळला, तर तेही एक उत्तरच होय.

माडीवरच्या त्या यंत्राचा बोर्ड अखेर पेठेतील एका दुरुस्तीच्या टपरीवर पोहोचतो. कारागीर तो भिंगाखाली धरतो. बोर्ड उघडा असेल, तर जळलेला घटक शोधून, डाग देऊन, काही शे रुपयांत तो जिवंत करून देतो. अशी माणसे प्रत्येक शहरात आहेत आणि त्यांच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग असते. परंतु पुष्कळदा सगळा बोर्ड ओल लागू नये म्हणून घट्ट राळेत बुडविलेला असतो. ओलीपासून त्याचे रक्षण होते, हे खरे. कारागिराच्या हातापासूनही होते. तो राळेवर नखाने टकटक करून पाहतो, थोडा वेळ विचार करतो, आणि चाकूचे टोक तापवून कडेने राळ उकरावयास बसतो. "उद्या या," तो सांगतो. "निघाली तर निघाली."

घरी खाली माग चालूच असतो.